होमस्टेच्या वायफायची सेटिंग, सीझन सुरू व्हायच्या आधी

तारकर्ली असो नाहीतर गुहागर, पाहुणा बॅग टेकवायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो आणि निम्म्या ठिकाणी तो पासवर्ड म्हणजे रस्त्यावरच्या बोर्डावर लिहिलेला मालकाचाच मोबाईल नंबर! वर त्याच नेटवर्कवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) पण.

राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कंपनीचाच असेल तर पहिला तो बदला, वायफायचा वेगळा आणि हा वेगळा.

मग वायरलेस सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलुपाचा प्रकार. सगळ्यात नवा डब्ल्यूपीए३ दिसत असेल तर उत्तम, पण जुने फोन त्याला जोडले जात नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवा. तेही नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एन्क्रिप्शन एईएस, टीकेआयपी ही जुनी कमकुवत पद्धत अजिबात नको. त्याहून जुनं डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटलंय, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती कोणी पकडली की पुढचे अंदाज तो घरी बसून कॉम्प्युटरवर लावतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही, म्हणून लांबी महत्त्वाची. सुरमई, खिडकी, एसटी, पायरी असे संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग जोडा, पाहुण्याला सांगायलाही सोपं. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंदच करा, त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो.

आता मुख्य काम, गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय. ते चालू करा, लोकल नेटवर्क बघायची परवानगी काढा, आयसोलेशन (एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याच्या फोनला दिसू न देणारी सेटिंग) असेल तर तेही ऑन. चिऱ्याच्या भिंतींमुळे मागच्या खोल्यांसाठी दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुढे पोचवणारा डबा) लावला असेल तर तिथेही हेच सगळं करा, आणि नीट तपासा, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही मॉडेलचं गेस्ट नावालाच वेगळं असतं. गेस्टला फोन जोडून डीव्हीआरचा पत्ता टाकून बघा, उघडला तर पाहुण्यालाही उघडणार.

वायफायचं नाव लपवणं, मॅक फिल्टर (फोनचा हार्डवेअर पत्ता बघून आत सोडणं) वगैरे सोडून द्या, मॅक हवेत उघडाच फिरतो आणि हल्लीचे फोन तो बदलतात, उलट तुमचाच पाहुणा अडकेल.

फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र घ्या, फक्त राउटर इन्व्हर्टरवर असतानाच, पावसात मध्येच लाईट गेली तर डबा कायमचा बसू शकतो.