लाईन गेली की बोर्डाची तारीख १९७० ले जाते? मंग हे पाहा

वावरातल्या मोटरीच्या टायमरले लिनक्सवाला बोर्ड लावला असन, त नुसतं डीएस३२३१ (लाईन गेली तरी सेलवर टाइम चालू ठेवणारी घड्याळाची चिप) मॉड्यूल अन सेल टाकून काम होत नाही राजेहो. यू-बूटमधी (लिनक्सच्या आधी चालून त्याले सुरू करणारा प्रोग्राम) डेट कमांडनं टाइम बरोबर दिसला म्हणून खुश नका होऊ, यू-बूट तो टाइम कर्नलले (लिनक्सच्या गाभ्याले) देतच नाही, कर्नल आपल्या ड्रायव्हरनं चिप नव्यानं वाचते. म्हणून डिव्हाइस ट्रीमधी (बोर्डावर काय काय जोडलं हे कर्नलले सांगणारी यादी) आयटूसीवर (चिपा जोडायची दोन तारांची जोडणी) हेक्स ६८ पत्त्यावर चिपची एंट्री पाहिजे, ड्रायव्हर डीएस१३०७ नावाचा, तोच ३२३१ बी चालवते, तो ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल न ठेवता कर्नलमधीच बिल्ट-इन करा न एचसीटूसिस (बूट होतानाच चिपचा टाइम सिस्टिमले लावणारी कर्नलची सेटिंग) चालू ठेवा, नाही त टाइम उशिरा बसते अन तोवरचे लॉग सारे १९७० चे. प्रोसेसरची स्वतःची आरटीसी (घड्याळ) बिनसेलची असन त तीच आरटीसी० (पहिल्या नंबरचं घड्याळ) होऊन बसते, मंग कर्नल तिचाच टाइम घेते, म्हणून डिव्हाइस ट्रीच्या एलियसमधी (टोपणनावांच्या यादीत) आरटीसी० म्हणून ३२३१ दाखवा.

अन यू-बूटमधून टाइम टाकायचा त यूटीसी (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं असणारी जागतिक वेळ) टाका. आपला सकाळचे ६ टाकले की लिनक्स त्याले यूटीसी समजून साडेअकरा दाखवते, मोटर साडेपाच तास आधीच सुरू, अन पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत.