हरवलेल्या विमानाबद्दलचे तर्क दोऱ्याने कसे तपासावेत

खानापूर, निपाणीच्या कट्ट्यांवर 'एमएच 370'चा, म्हणजे 2014 मध्ये क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना हरवलेल्या मलेशियन विमानाचा, विषय निघाला की अपहरण, आग, गुप्त तळ असे तर्क सुटतात. कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा, हे शाळेतल्या पृथ्वीगोलावर तासाभरात पाहता येतं.

आधी 8 मार्च 2014 च्या चार वेळा (मलेशियाच्या घड्याळानुसार) वहीत लिहा. पहाटे 1.21 ला ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख रडारला कळवणारं यंत्र) बंद आणि त्यानंतर विमान मार्ग सोडून मागे वळलं. 2.22 ला लष्करी रडारवर शेवटची नोंद. 2.25 ला तुटलेला उपग्रह-संपर्क पुन्हा सुरू. 8.19 ला उपग्रहाला मिळालेला शेवटचा संकेत.

आता दोरा घ्या. संकेत टिपणारा इन्मारसॅट या उपग्रह-कंपनीचा उपग्रह विषुववृत्तावर 64.5 अंश पूर्वेला होता, म्हणजे बेळगावच्या रेखांशापासून 10 अंश पश्चिमेला. आपल्या डीटीएच छत्रीचा उपग्रह असतो तसाच, सुमारे 36,000 किलोमीटर उंच. संकेताला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, दिशा नाही. म्हणून बिंदू न मिळता वर्तुळ मिळतं. 8.19 च्या वर्तुळाची जमिनीवरची त्रिज्या सुमारे 4,900 किलोमीटर. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर 11.5 सेंटिमीटर दोरा घ्या, एक टोक उपग्रहाखालच्या बिंदूवर चिकटपट्टीने लावा आणि दुसरं टोक ताणून फिरवा. दोरा दोन मिलिमीटर सैल राहिला तरी 85 किलोमीटरची चूक होते. नकाशाच्या सपाट पुस्तकावर हे करूच नका, तिथे वर्तुळ वेडंवाकडं होतं.

दोरा उत्तरेला कझाकस्तानकडे जातो, दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेच्या समुद्रात. संकेताच्या वारंवारतेतला बदल दक्षिणेकडे बोट दाखवतो आणि 29 जुलै 2015 ला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सापडलेला पंखाचा भाग त्याला दुजोरा देतो. गुप्त तळाचा तर्क इथेच गळतो. पण वर्तुळावरचा नेमका बिंदू कळत नाही, म्हणून 1,20,000 चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळूनही विमान मिळालं नाही.

उरलेले तर्क चारही वेळांवर घासून पाहा. एका वेळेला बसला म्हणून तर्क धरू नये, लोक नेमके इथेच फसतात. मोठी आग लागली असती तर विमान 8.19 पर्यंत उडणं अवघड. केबिनमधला हवेचा दाब गेला, सगळे बेशुद्ध झाले, असं मानलं तर दक्षिणेकडचा शांत प्रवास जुळतो. 2005 मध्ये सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या विमानात तसंच घडलं होतं. पण 1.21 नंतरचं वळण जुळत नाही, कारण 2018 च्या मलेशियन अहवालानुसार ते बहुधा हाताने घेतलेलं होतं. अपहरणाला पुरावा नाही, तरी तिसऱ्या कुणाचा हात त्या अहवालाने नाकारलेला नाही. त्यामुळे 239 माणसांच्या घरच्यांचा विचार करून, वैमानिकाचं नाव घेऊन दोष देण्याआधी वहीत त्या तर्कासमोर 'सिद्ध नाही' असंच लिहा.