इंग्रजी पॅसिव्हमधला ‘बाय’: या चुका टाळा

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठल्याही शिकवणीत पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कर्मणी प्रयोग, सुरू झाला की फळ्यावर सूत्र एकच असतं: कर्म पुढे आणा, ‘बी’चं योग्य रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा आणि ‘बाय’ लावून कर्ता शेवटी ठेवा. सूत्र चुकीचं नाही. पण शेवटची पायरी ऐच्छिक आहे, हे बहुतेक ठिकाणी सांगायचं राहून जातं. मराठी माध्यमातल्या हुशार मुलांचेही गुण इथे जातात. पुढे नोकरीच्या अर्जात आणि मेलमध्येही हीच सवय दिसते.

सगळ्यात मोठी चूक: प्रत्येक वाक्यात ‘बाय’

‘माय मोबाइल वॉज स्टोलन बाय अ थीफ ऍट द बस स्टँड.’ व्याकरण बरोबर आहे, तरी वाक्य खटकतं. मोबाइल चोरानेच चोरला असणार, ते वेगळं काय सांगायचं? पॅसिव्ह बहुतेक वेळा वापरायचा तोच मुळी कर्ता माहीत नसतो, उघड असतो किंवा त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं तेव्हा. ‘माय मोबाइल वॉज स्टोलन ऍट द बस स्टँड’ एवढंच पुरे.

आता हे वाक्य बघा: ‘द फाउंडेशन स्टोन ऑफ द जायकवाडी डॅम वॉज लेड बाय लाल बहादूर शास्त्री इन 1965.’ यातला ‘बाय’चा तुकडा काढला तर वाक्याचा जीवच जातो. पायाभरणी झाली हे कळतं, कोणी केली ते कळत नाही. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्याचंही तसंच. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते दान दिलं, असं तिथला शिलालेख सांगतो. ‘केव्ह 16 वॉज डोनेटेड बाय वराहदेव’ या वाक्यात वाचकाला हवी असलेली बातमी ‘बाय’च्या पुढेच आहे. याउलट ‘द पेंटिंग्ज ऍट अजंठा वर पेंटेड बाय पेंटर्स’ लिहिलं तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट साधारण शेवटाकडे येते. ‘बाय’ कर्त्याला त्या मानाच्या जागेवर नेऊन बसवतो. म्हणून आधी ‘बाय’शिवाय वाक्य लिहा. मग ‘कोणी?’ हा प्रश्न खरोखर उरत असेल तरच तो जोडा. परीक्षेत मात्र एक भान ठेवा. मूळ वाक्यात कर्ता ठोस असेल, म्हणजे नाव असेल किंवा ‘द टीचर’सारखा शब्द असेल, तर ‘बाय’ लिहाच. ‘समबडी’, ‘पीपल’, ‘दे’ असे मोघम कर्ते असतील तर ते गाळा. ‘समबडी हॅज स्टोलन माय सायकल’चं ‘माय सायकल हॅज बीन स्टोलन’. त्यापुढे काही नाही.

‘ने’ दिसला की ‘बाय’

या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. गड्याने झाड तोडलं, कुऱ्हाडीने झाड तोडलं, वादळाने झाड पाडलं. तिन्ही ठिकाणी आपला ‘ने’ सारखाच, म्हणून हात आपोआप तिन्हीकडे ‘बाय’ लिहितो. इंग्रजी इथे भेद करते. गडी हा करणारा, त्याला ‘बाय’. कुऱ्हाड हे त्याच्या हातातलं हत्यार, तिला ‘विथ’. ‘द ट्री वॉज कट डाउन बाय द लेबरर विथ ऍन ऍक्स.’ आणि वादळ? ते कोणाच्या हातात नसतं, स्वतःच्या जोरावर झाड पाडतं, म्हणून ‘द ट्री वॉज ब्लोन डाउन बाय द स्टॉर्म.’ ‘बाय’ला माणूसच लागतो असं नाही, पाऊस, पूर, आग, रोग यांनाही तो चालतो. प्रश्न एवढाच विचारायचा: ही गोष्ट स्वतः काम करते, की कोणी ती वापरतं?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यावर मुलं निबंध लिहितात तेव्हा ‘मेनी व्हिलेजेस वर डिस्ट्रॉइड बाय द अर्थक्वेक’ हे अगदी बरोबर असतं. माणसांबद्दल लिहिताना ‘थाउजंड्स ऑफ पीपल वर किल्ड इन द अर्थक्वेक’ असं ‘इन’ जास्त सहज वाटतं. ‘बाय’ लिहिलं तर चूक नाही. पण त्याच निबंधात हमखास येणारं ‘ऍन अर्थक्वेक वॉज ऑकर्ड’ हे चूकच. ‘ऑकर’, ‘हॅपन’, ‘डाय’ ही अकर्मक क्रियापदं आहेत, त्यांचा पॅसिव्ह होतच नाही. ‘ऍन अर्थक्वेक ऑकर्ड’, ‘द ऍक्सिडेंट हॅपन्ड’ असं सरळ लिहा.

हाताच्या बाबतीत थोडी वेगळी वाट आहे. पैठणी हाताने विणतात, तर ‘पैठणी इज वोव्हन बाय हँड’. इथे ‘बाय’ चालतो, कारण ‘बाय हँड’ म्हणजे काम करण्याची रीत. त्यात ‘द’ घालू नका. ‘बाय द हँड’ म्हणजे एखाद्याचा हात धरून. हातमाग सांगायचा असेल तर ‘ऑन अ हँडलूम’.

‘बाय’ आहे, पण कर्ता नाही

‘द फॉर्म्स मस्ट बी सबमिटेड बाय 30 जून.’ 30 जून काही फॉर्म भरायला येणार नाही. इथे ‘बाय’ म्हणजे त्या तारखेपर्यंत. आपल्या ‘पर्यंत’मुळे बरेच जण इथे ‘टिल’ लिहितात, ते चुकतं. एकदाच आटोपायच्या कामाची मुदत असेल तर ‘बाय’, त्या वेळेपर्यंत चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’.

रकमेच्या वाक्यात तर चूक महागात पडते. ‘द फी वॉज इन्क्रीज्ड बाय 500 रुपीज’ म्हणजे 500 रुपयांनी वाढली. ‘इन्क्रीज्ड टू 500 रुपीज’ म्हणजे वाढून 500 झाली. शाळेची नोटीस किंवा कर्जाचं पत्र वाचताना या एका शब्दावर नजर थांबलीच पाहिजे.

दोन ‘बाय’ शेजारी आले, उदाहरणार्थ ‘द रोड विल बी रिपेअर्ड बाय द काँट्रॅक्टर बाय मंडे’, तर ते चूक नाही, पण वाचताना अडखळायला होतं. पॅसिव्हचा हट्ट सोडून ‘द काँट्रॅक्टर विल रिपेअर द रोड बाय मंडे’ लिहा.

‘बाय’च्या धक्क्याने पडणारे शब्द

‘लुक आफ्टर’, ‘लाफ ऍट’, ‘लिसन टू’ ही जोडक्रियापदं आहेत. पॅसिव्ह करताना ‘द बेबी वॉज लुक्ड बाय हर ग्रँडमदर’ असं लिहून मुलं ‘आफ्टर’ गाळतात. दोन अव्ययं लागून आली की काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटतं. पण बरोबर वाक्य ‘वॉज लुक्ड आफ्टर बाय हर ग्रँडमदर’ हेच. ‘बाय’नंतर ‘ही’, ‘शी’, ‘आय’ नको. ‘हिम’, ‘हर’, ‘मी’ हवं.

जिथे ‘बाय’ अर्थच फिरवतो

‘शी इज मॅरिड विथ अ टीचर’ असं लिहिलं जातं, कारण मराठीत लग्न कोणाच्या ‘सोबत’ होतं. इंग्रजीत ‘मॅरिड टू’. आणि ‘दे वर मॅरिड बाय द रजिस्ट्रार’ म्हणजे रजिस्ट्रारने त्यांचं लग्न लावून दिलं. तिथे ‘टू’ आणि ‘बाय’ची अदलाबदल झाली तर नवराच बदलेल.

‘नोन’ची चार वळणं आहेत आणि परीक्षेत ती फिरून फिरून येतात. गाव ओळखतं तेव्हा ‘ही इज नोन टू द होल व्हिलेज’. कशासाठी प्रसिद्ध ते सांगताना ‘पैठण इज नोन फॉर इट्स सारीज’. नाव सांगताना ‘ऍज’, जसं जायकवाडीचा जलाशय ‘इज नोन ऍज नाथसागर’. ‘नोन बाय’ येतो तो खुणेवरून ओळखण्यासाठी: झाड फळावरून ओळखावं, ‘अ ट्री इज नोन बाय इट्स फ्रूट’. ‘एव्हरीबडी नोज हिम’चं पॅसिव्ह करताना ‘बाय एव्हरीबडी’ लिहायचा मोह होतो, पण तिथे बसतं ते ‘टू एव्हरीबडी’.