छोट्या गावाच्या संग्रहालयात काम करायचं असेल तर

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर ‘प्रदर्शन व कार्यक्रम सहायक’ असं भारदस्त पद होतं. पहिल्या आठवड्यात मी गळक्या छताखाली बादली ठेवली, सहलीला आलेल्या एका मुलाची हरवलेली चप्पल शोधली आणि काचेच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरले. प्रदर्शनाचं काम नवव्या दिवशी सुरू झालं. छोट्या गावाच्या इतिहास संग्रहालयात दोन-तीनच माणसं असतात, त्यामुळे ‘हे माझं काम नाही’ म्हणायची सोय नसते. ज्यांना फक्त संशोधन करायचं आहे त्यांनी मोठ्या संस्थेत जावं, तिथे त्यासाठी वेगळी खोली तरी मिळते.

इथे सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे नोंदवही. दिसायला कंटाळवाणी, पण संग्रहालय चालतं ते तिच्यावर. आत आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो. समजा क्रमांक २०१९.१४.३ असेल, तर २०१९ साली आलेल्या चौदाव्या देणगीतली ती तिसरी वस्तू. फोटोच्या मागे हा क्रमांक कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता लिहायचा. बॉलपेन अजिबात नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो. कपड्यावर काहीच लिहायचं नाही, सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची. क्रमांकासमोर कोणी दिलं, कधी दिलं आणि देताना काय सांगितलं, हे सगळं त्याच दिवशी लिहायचं. ‘उद्या लिहू’ म्हटलं की त्या माणसाच्या बोलण्यातलं निम्मं उडून जातं.

माझी पहिली मोठी चूक याच वहीशी जोडलेली आहे. एक वयस्कर गृहस्थ घड्याळदुरुस्तीच्या हत्यारांची लाकडी पेटी घेऊन आले. बारीक चिमटे, भिंग, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने केलेले हिशेब. ‘ठेवा तुमच्याकडे,’ म्हणाले. मी हरखले, आभार मानले आणि पंधरा दिवसांत पेटी दालनाच्या मधोमध मांडली. तीन महिन्यांनी त्यांचे पुतणे आले. ‘ठेवा म्हणजे सांभाळा. देऊन टाकली असं काका कधी म्हणाले?’ माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. दुसऱ्या दिवशी पेटी परत गेली आणि ऐन सुट्टीत मधली काचपेटी रिकामी पडली.

तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन वेगळे छापील नमुने असतात. एक दानपत्र, ज्यात मालकी संग्रहालयाकडे येते. दुसरा उसनवारीचा करार, ज्यावर वस्तू परत करायची तारीख असते. ‘कायमची उसनी’ असा प्रकार मान्य करू नका, पुढे कुणीतरी त्यात अडकतं. आणि नाही म्हणायला शिका. गावात आधीच पाच शिवणयंत्रं संग्रहात असतील तर सहावं घेताना त्याच्यामागे काय गोष्ट आहे ते विचारा. काही नसेल तर गोड बोलून परत पाठवा. लोक रागावतात, पण कोठारात धूळ खाणारी वस्तू चार वर्षांनी दिसली की जास्त रागावतात.

आता कार्यक्रमांकडे येते. दरवर्षी १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने तो १९७७ पासून सुरू केला. त्या दिवशी काहीतरी करायचंच म्हणून व्याख्यान ठरतं, खुर्च्या मागवल्या जातात, हार येतात. याच परिषदेने २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात समाजाच्या सहभागाने काम करण्याचा उल्लेख आहे. खुर्चीवर बसून भाषण ऐकणं हा सहभाग आहे असं मला वाटत नाही. छोट्या गावात वस्तूंबद्दलची माहिती लोकांच्या डोक्यात असते, आणि ती काढून घ्यायची संधी म्हणजे कार्यक्रम.

माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे ‘फोटो ओळखा’. आमच्याकडे एका कारखान्यातल्या चौतीस जणांचा गटाचा फोटो होता, मागे एकही नाव नाही. त्याची मोठी प्रत काढली, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाच्या डोक्याची बाह्यरेषा काढली आणि आत आकडे टाकले. शेजारी चौतीस ओळींचा कोरा तक्ता. मूळ फोटो अर्थातच कपाटात. पन्नास माणसं येतील असं धरलं होतं, आली बारा. आमच्या साहेबांचा चेहरा पडला. पण दोन तासांत एकोणीस नावं मिळाली. सतरा क्रमांकावरून दोघांचं चांगलंच वाजलं, तेव्हा मी दोन्ही नावं लिहिली आणि कुठलं कुणी सांगितलं तेही लिहिलं. मागे गप्प बसलेल्या एक आजी शेवटी उठल्या आणि आठ क्रमांकावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा कामगार नव्हेच. फोटोवाल्याबरोबर आलेला पोरगा. रांगेत जागा रिकामी दिसत होती म्हणून उभा केला.’ अहवालात मात्र उपस्थितीच्या रकान्यात ‘१२’ एवढंच गेलं. कार्यक्रम मोजायचा हा रकाना ज्याने काढला त्याला एकदा भेटायचं आहे.

आठवणी ध्वनिमुद्रित करणार असाल तर पंखा आणि फ्रीज बंद करा. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून घ्या. हे मुद्रण कुठे वापरणार ते आधी सांगा आणि बोलणं संपल्यावर लेखी संमती घ्या, कारण काय काय बोललो हे माणसाला शेवटीच कळतं. प्रश्न छोटे ठेवा. ‘तेव्हाचं जीवन कसं होतं?’ याला ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. ‘सकाळी भोंगा झाला की घरात पहिलं कोण उठायचं?’ असं विचारलं की अर्धा तास निघतो.

मांडणीबद्दल दोनच गोष्टी सांगते. पहिली म्हणजे उजेड. जुना कागद, कापड, रंगीत फोटो यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको असा संकेत आहे, आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, दिवा बंद केला म्हणून ते भरून येत नाही. म्हणून नाजूक कागद तीन-चार महिन्यांनी उतरवायचे आणि दुसरे लावायचे. खिडकीशेजारची भिंत कितीही रिकामी दिसली तरी तिथे मूळ पत्र टांगू नका, प्रत लावा.

दुसरी म्हणजे फलकावरचा मजकूर. माझा पहिला फलक दोनशे शब्दांचा होता. उभ्याने तो कुणी वाचत नाही, हे मी कोपऱ्यात थांबून स्वतः पाहिलं. आता पन्नास-साठ शब्दांत थांबते. आमच्या एका यंत्राखाली आधी ‘शिवणयंत्र, लोखंड व लाकूड’ असं होतं. लोखंड आणि लाकूड तर दिसतंच आहे! देणाऱ्या मुलीशी बोलून ते बदललं: ‘या यंत्रावर एका आईने तीन मुलं वाढवली. पायपट्टी डाव्या बाजूलाच झिजलेली आहे. त्यांचा उजवा पाय अधू होता, असं त्यांची मुलगी सांगते.’ आता लोक वाकून पायपट्टी बघतात. ‘मुलगी सांगते’ हे शब्द गाळू नका. आपल्याला कळलं ते कुणाकडून, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

त्या चौतीस जणांच्या फोटोची प्रत अजून दाराशी आहे. उरलेल्या पंधरापैकी चार नावं नंतर येता-जाता लोकांनी भरली. तक्त्याला दोरीने पेन्सिल बांधलेली असते. ती दर आठवड्याला कुणीतरी नेतं, म्हणून खोक्यात जास्तीच्या पेन्सिली ठेवा.