खिळा आणि डिंक न वापरता उभा राहणारा लाकडी पूल

लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याच्या हस्तलिखितांत नुसत्या ओंडक्यांच्या गुंफणीवर उभ्या राहणाऱ्या पुलाचे रेखाटन आहे. त्याची छोटी प्रतिकृती विज्ञान प्रकल्पासाठी अतिशय उत्तम ठरते. त्यासाठी साधारण ३० सेंमी लांब, २ सेंमी रुंद आणि अर्धा सेंमी जाड अशा सारख्या मापाच्या पट्ट्या घ्याव्यात. आइस्क्रीमच्या काड्या फार वाकतात, म्हणून त्या टाळलेल्या बऱ्या.

सारे मर्म गुंफणीत आहे. प्रत्येक उभ्या (म्हणजे पुलाच्या लांबीच्या दिशेने ठेवलेल्या) पट्टीची दोन्ही टोके आडव्या (रुंदीच्या दिशेने ठेवलेल्या) पट्ट्यांवर टेकलेली असावीत आणि तिचा मध्य मात्र दुसऱ्या आडव्या पट्टीच्या खालून गेलेला असावा. त्यामुळे वरून भार आला की टोके खाली आणि मध्य वर असा दाब एकमेकांवर पडून जोड अधिक घट्ट होतात. याउलट, तयार पूल मधल्या आडव्या पट्टीला धरून वर उचलला, तर हीच पकड सुटते आणि पूल हातातच विस्कटतो. मुलांना हे आवर्जून करून दाखवावे.

पॉलिश केलेल्या पट्ट्या घसरतात, म्हणून त्या सँडपेपरने खरखरीत कराव्यात. पुलाचे पाय भाराखाली बाहेर सरकू पाहतात, तेव्हा खाली गोणपाट अंथरावे किंवा दोन्ही बाजूंना विटा लावाव्यात. आडव्या पट्ट्या जाड घेतल्यास कमान अधिक उंच होते, हे मोजून वहीत नोंदवावे.