अस्तंब्याला पायी निघताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की तळोदा, शहादा, नंदुरबारकडची पोरं अस्तंब्याच्या, म्हणजे सातपुड्यातल्या अश्वत्थाम्याच्या शिखराच्या, यात्रेच्या तयारीला लागतात. मी बरीच वर्षं आमच्या टोळीबरोबर जातोय आणि दरवर्षी त्याच चुका बघतोय. शिखर १३२५ मीटरचं, म्हणून सगळ्यांचा जीव चढाईत अडकलेला असतो. पण माणसाची वाट लागते ती दुसऱ्या दिवशी, उतरताना.

पहिली चूक म्हणजे यात्रेसाठी खास घेतलेले नवे बूट. दुकानात चार पावलं टाकली की बूट बरोबर बसल्यासारखा वाटतो. दिवसभर चालल्यावर पाय सुजतो, आणि उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आदळायला लागतात. टाच चुरचुरली की पोरं म्हणतात, "पुढच्या पाड्यावर बघू." तिथे पोहोचेपर्यंत फोड आलेला असतो. चुरचुरलं की तिथेच बसा. बूट काढा, मोजा उलटा करून झटका. या दिवसांत वाटेवर कुसळी गवत असतं, त्याचं एखादं कुसळ मोज्यात आडवं रुतून बसतं आणि पावलागणिक कातडी खरवडतं. ते चिमटीत धरून काढा, लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावा. पाच मिनिटांचं काम आहे. फोड आलाच तर त्याची कातडी ओढून काढू नका, खालचं मांस उघडं पडतं. मी दोन महिने वापरलेले कॅनव्हासचे बूटच घालतो आणि नखं चार दिवस आधी कापतो.

दुसरी चूक शॉर्टकटची. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण उतरत होतो. दुपारचे चार वाजले होते, सगळे थकलेले. एका पोराने खाली बोट दाखवलं, "तो बघा रस्ता. या नाल्याने सरळ उतरलो तर तास वाचेल." मी हो म्हटलं. तो होकार मला अजून बोचतो. आमच्यातले आप्पा तेवढे म्हणाले, "मी आपला वाटेनेच येतो," आणि निघाले.

अर्धा तास सगळं छान होतं. मग दगड मोठे होत गेले आणि एका वळणावर नालाच संपला. समोर दोन-तीन पुरुष खोल सरळ कडा. सातपुड्याचा हा भाग लाव्हाच्या थरांचा आहे, एकावर एक रचलेला. नाला असे थर कापत उतरतो, त्यामुळे टणक थराची कड आली की तिथे पावसाळ्यात धबधबा असतो आणि दिवाळीत कोरडा कडा. वरून पाहिलं तर काही कळत नाही, सगळा नाला सलग दिसतो. एक पोरगा बाजूच्या मुरमावरून उतरायला गेला, घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. सहाच्या सुमारास अंधार पडला. त्याला दोघांनी खांद्याचा आधार देत, तोच नाला परत चढून, आम्ही वाटेला लागलो. खाली पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आप्पा कधीचे येऊन बसले होते. त्या पोराचा पाय मांडीवर घेऊन ते एवढंच म्हणाले, "कसाले इतली घाई करी रायनात रे?"

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्याने मळलेली वाट सोडायची नाही. वाट चुकलीच तर जिथवर खात्रीची वाट होती तिथे परत जायचं, पुढे रेटायचं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळं पाणी दुपारपर्यंत संपवू नका. घामातून मीठही जातं, म्हणून पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी घ्या. बिस्किटांवर दिवस निघत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घ्या. पाड्यावर "किती लांब?" असं विचारू नका. रोज डोंगर चढणाऱ्या माणसाला सगळं जवळच वाटतं. "पुढे पाणी कुठे आहे आणि वाट कुठे फुटते?" असं विचारा. तरण्या पोरांनी पुढे पळू नये. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. घामाने भिजलेला बनियन थांबल्या थांबल्या बदला, रात्री डोंगरावर थंडी वाजते.

आणि टॉर्च म्हणून मोबाइलवर विसंबू नका. यात्रा धनत्रयोदशीच्या सुमाराची, म्हणजे अमावास्या तोंडावर आलेली, पहाटेपर्यंत चंद्र नसतोच. टॉर्च आणि सुटे सेल पिशवीच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवा, अंधारात चाचपून सापडतील असे.