कुंपणासाठी गजगा: बी घासल्याशिवाय पेरू नका

रोहिणी नक्षत्र लागलं आहे. कोकणात ज्यांच्या काजू-आंब्याच्या बागेला अजून धड कुंपण नाही, त्यांनी मृगाच्या आत गजग्याचं, म्हणजेच सागरगोट्याचं बी तयार करून ठेवावं. किनाऱ्यालगतच्या झाडीत हे काटेरी, वेलासारखं पसरणारं झुडूप आपोआप वाढतं. खोडावर आणि पानांच्या दांड्यांवरही आकडेदार काटे असतात. कुंपण एकदा दाटलं की गुरं त्यात तोंड घालत नाहीत. रानडुकराला मात्र एकटा गजगा अडवेल, असं धरून चालू नका.

बहुतेकांचं बी वाया जातं ते कवचामुळे. मुली खेळतात तो राखाडी, गुळगुळीत सागरगोटा दगडासारखा टणक असतो आणि त्याच्या आत पाणी शिरतच नाही. तसाच पेरला तर तो पावसाळाभर मातीत जसाच्या तसा पडून राहतो. म्हणून प्रत्येक बी कानशीवर किंवा खरबरीत दगडावर घासा. देठाच्या खुणेची बाजू सोडून दुसऱ्या बाजूचं कवच, आतला पांढुरका गर जेमतेम दिसेपर्यंत झिजवा. मग रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. आणखी एक गोष्ट: तरंगणारं बी पोकळ समजून फेकायची आपल्याला सवय असते, ती इथे चालत नाही. गजग्याचं चांगलं बीसुद्धा तरंगतं. समुद्राच्या पाण्यावर वाहत जाऊनच तर हे झाड इतक्या किनाऱ्यांवर पोचलं आहे.

पहिला चांगला पाऊस झाला की बांधावर दोन ओळींत, दीड-दोन फुटांवर, नागमोडी पद्धतीने आणि इंचभर खोल बी टोका. पहिल्या वर्षी रोपं शेळ्यांपासून जपा. काजूच्या कलमांपासून हे कुंपण किमान दहा फूट लांब हवं, नाहीतर फांद्या कलमांवर चढतात. दरवर्षी पावसाळा संपल्यावर छाटणी करा. जाड हातमोजे आणि लांब दांड्याचा आकडा असल्याशिवाय मात्र त्यात हात घालू नका.

आयुर्वेदात याला लताकरंज म्हणतात. बियांचा कडू मगज मिरपुडीबरोबर तापावर देण्याची जुनी रीत आहे. तरीही वैद्याला विचारल्याशिवाय घरी प्रयोग करू नका, गरोदर बाईला तर देऊच नका.

काष्ठौषधींच्या दुकानात विकायचं असेल, तर शेंगा पूर्ण तपकिरी होऊन तडकू लागल्यावरच काढा. जंगलातून गोळा करताना निम्म्या शेंगा झाडावर राहू द्या आणि आधी वनखात्याकडे नियम विचारून घ्या. चिलारीलाही असेच काटे असतात, पण तिची शेंग गुळगुळीत असते, तर गजग्याची शेंग काट्यांनी भरलेली आणि तिच्यात बहुधा एक-दोनच बिया. दोन्हींची सरमिसळ झालेला माल व्यापारी परत करतो, म्हणून शेंग पाहूनच बी वेगळं करा.